वरचा मजला

टेकडीमागं सुरुंग उडाला तेव्हा कुमुद ओट्यापाशी कोथिंबीर निवडत उभी होती. सुरुंग रोजचेच होते. दुपारच्या जेवणाआधी खाणीतून शिट्ट्या ऐकू यायच्या, मग पायांखालची फरशी कळेल न कळेल अशी हलायची, मग खिडकीची काच, मग मांडणीतल्या वाट्या एकमेकींना लागून किणकिणायच्या आणि थोड्या वेळानं सगळं पुन्हा जागच्या जागी. आज मात्र धक्का मोठा होता. फळीवरचा पोह्यांचा डबा खाली आला, झाकण गडगडत फ्रिजखाली गेलं, आणि कुमुद मान वर करून, छताकडं बघत, मोठ्यानं म्हणाली, "विजया, गॅस बंद कर गं!"

म्हणाली आणि तशीच उभी राहिली. वर पांढरं छत होतं. छताच्या वर एक फ्लॅट होता, आणि तो सोसायटी बांधून झाली तेव्हापासून कुलूपबंद होता. विजया तिथं कधीच राहिली नव्हती. ती तर आता दोन दिवसांच्या रेल्वेप्रवासाच्या अंतरावर, राजमहेंद्रीला होती.

हॉलमधून शांताराम आले. चष्मा कपाळावर, हातात घडी मोडलेला पेपर. "कुणाशी बोलतेस?"

"कुणाशी नाही. डबा पडला."

"या खाणी बंद करणार म्हणतात. बघू या." ते खाली वाकून झाकण शोधायला लागले, ते सापडेना तसं उठून म्हणाले, "टँकर आलेला दिसत नाही अजून. गेटवर जाऊन बघतो." सोसायटीचं सेक्रेटरीपद मिळाल्यापासून त्यांना दिवसभर कुठं ना कुठं जाऊन बघायचं असायचं. सरकारी नोकरीत इतकी वर्षं जो माणूस संध्याकाळी घरी येऊन नुसता बसून राहायचा, तो इथं आल्यावर तरतरीत झाला होता. पाणी, लिफ्ट, कुंपण, मोरांनी उकरलेली फुलझाडं. इथं सगळं नवं होतं आणि त्यांना त्या नव्याचं काहीतरी करता येत होतं.

कुमुदनं पोहे सुपात भरले. तिचे कान तापले होते. लाज वाटावी असं काही घडलं नव्हतं, ऐकणारंही कुणी नव्हतं, पण ते नाव तोंडातून बाहेर पडताना जीभ कशी सैल, आपलीशी झाली होती ते तिला जाणवत राहिलं, दुखऱ्या दातावरून पुन्हा पुन्हा जीभ फिरावी तसं. इथं ती कुणालाच नावानं हाक मारत नव्हती. तिलाही कुणी मारत नव्हतं. शांतारामांचं 'अगं', स्वरूपाचं 'आई', शेजारच्यांचं 'आंटीजी', दूधवाल्याचं 'माताजी'. दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वीस-बावीस वर्षं दिवसातून कितीदा तरी वरच्या खिडकीतून हाक यायची, 'कुमूद!', दुसऱ्या अक्षरावर हेल काढून, आणि ती पदराला हात पुसत मागच्या जाळीशी जायची. खिडक्या एकावर एक होत्या. मान वर केली की विजयाची हनुवटी दिसायची, तिच्या कानातली कुडी, कधी वाळत घातलेल्या साडीचा काठ. पाणी आलं की विजया नळाच्या पाइपवर उलथनं वाजवायची. वर चिंच उकळली की खाली वास यायचा. बाहेर रस्त्यावर, बसमध्ये, सरोजिनीनगरच्या बाजारात दिल्ली होती. पण त्या पाइपच्या वर आणि खाली जे होतं ते दिल्ली नव्हतं, महाराष्ट्र नव्हता, आंध्रही नव्हता. त्याला नाव नव्हतं.

विजया नवी लग्न होऊन आली तेव्हा तिला हिंदीचं अक्षर येत नव्हतं. तिचा नवरा नरसिंह दौऱ्यावर असायचा. त्याच हिवाळ्यात कुमुदचं दुसरं बाळ पोटातच गेलं. महाराष्ट्र मंडळातल्या बायका येऊन बसायच्या, देवाची इच्छा म्हणायच्या, पुढच्या वेळची खात्री द्यायच्या, आणि त्या गेल्या की कुमुद भिंतीकडं तोंड करून पडायची. एका दुपारी वरची ही काळीसावळी, लांब वेणीची मुलगी पातेलंभर गरम पाणी घेऊन जिना उतरली. एक शब्द बोलली नाही. तिनं कुमुदला हाताला धरून न्हाणीत नेलं, पाटावर बसवलं, शिकेकाईनं तिचे केस धुतले, उन्हात बसवून बोटांनी गुंता सोडवला. त्या हातांखाली कुमुद पहिल्यांदा रडली. पुढं विजया हळूहळू बोलायला लागली, कुमुदची हिंदी आणि कुमुदची मराठी एकत्र कालवून, कुठं 'अगं' तर कुठं 'अच्छा जी' म्हणत, आणि ती खिचडी त्या दोघींना सोडून कुणाला पुरती कळायची नाही. स्वरूपा लहानपणी शाळेत ती बोलायची आणि मार खायची.

मग या जागेचं ठरलं. ऑफिसातल्या लोकांची सोसायटी, फरीदाबादच्या बाजूला, अरवलीच्या पायथ्याशी. तेव्हा इथं नुसती पांढऱ्या फक्कीनं आखलेली जमीन होती आणि मागं ती बुटकी, दगडी, वेड्या बाभळींनी भरलेली टेकडी. रविवारी दोन्ही कुटुंबं डबे घेऊन बदरपूरची बस पकडून यायची. शांताराम आणि नरसिंह नकाशा उलटासुलटा धरून भांडायचे. त्या दोघी एका धोंड्यावर बसून टेकडीकडं बघायच्या. "ऊपर मैं, नीचे तू," विजया म्हणाली होती, "सेम टू सेम." फ्लॅट नावावर झाले ते तसेच, एकावर एक. आणि मग निवृत्तीच्या तोंडावर नरसिंहनं अचानक फ्लॅट दुसऱ्याला देऊन टाकला. गावी भावांचं घर होतं, मुलगा हैदराबादला लागला होता. निजामुद्दीन स्टेशनवर गाडी हलली तेव्हा विजया खिडकीच्या गजांत बोटं अडकवून बसली होती. काही बोलली नव्हती. त्या न बोलण्याचा कुमुदनं जो अर्थ लावला, त्याच्यावर तिनं इथले दिवस काढले होते. विजयाला यायचं होतं. नवऱ्यानं येऊ दिलं नाही. तिकडं, कुठल्यातरी मोठ्या घराच्या मागच्या पडवीत, तीही अशीच मान वर करत असेल.

डबा पडला त्याच आठवड्यात फोन आला. विजयाच्या पुतण्याचं लग्न दिल्लीतच होतं, करोलबागेत. ती एक दिवस सकाळी येऊन संध्याकाळी परत जाणार होती. नरसिंहचे गुडघे धरले होते, तो येणार नव्हता. "मैं अकेली आऊँगी, कुमूद," ती म्हणाली, आणि वायरीतल्या खरखरीतूनही दुसऱ्या अक्षरावरचा हेल तसाच आला.

कुमुदनं संध्याकाळी शांतारामांकडं वरच्या फ्लॅटची किल्ली मागितली. मालक परदेशी होता, भाडेकरू बघा म्हणून किल्ली सोसायटीकडं ठेवून गेला होता.

"कशाला?" शांताराम म्हणाले.

"तिला दाखवायचाय. भाड्यानं द्यायचाच आहे ना तो? वर्षातले चार महिने जरी आले दोघं…"

शांतारामांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. "अगं, एक दिवस येतीय बिचारी. गप्पा मारा. किल्लीबिल्ली कशाला?" पण किल्ली त्यांनी दिली.

स्वरूपा नोएडाहून आली तेव्हा तिला आई घरात दिसली नाही. ती एका चॅनेलमध्ये नोकरीला होती, सकाळी चार्टर्ड बसनं जायची आणि दिवेलागणीला अर्धं इंग्रजी, अर्धं हिंदी बोलत परतायची. ती आवाजाच्या मागं वर गेली, तर कुमुद पदर खोचून वरच्या हॉलची फरशी पुसत होती. "आई, यार, दुसऱ्याचं घर आहे!" ती म्हणाली. "हो," कुमुद म्हणाली. खाणीची धूळ पिठासारखी सगळीकडं बसली होती. तिनं ओटा धुतला, कपाटं पुसली, मागच्या खिडकीच्या काचा कागदानं घासल्या, आणि काचेपलीकडं टेकडी एकदम पुढं आली. खालून दिसायची त्याहून मोठी. पळस फुलले होते. तिनं खिडकीत उभं राहून खाली पाहिलं, तर तिच्याच घराची मागची जाळी दिसली. तिथं मान वर करून उभी असलेली मी विजयाला अशी दिसत असेन, असं तिच्या मनात आलं, आणि तिला वाटलं की इतक्या वर्षांत आपण वरून खाली कधी पाहिलंच नव्हतं.

विजया आली ती टॅक्सीतून उतरताना कुमुदला क्षणभर ओळखू आली नाही. ती जाड झाली होती. केस पिकले होते, ते तिनं काळे केले नव्हते, आणि तिच्या चालण्यात एक ऐसपैस जागा घेण्याची सवय आली होती, जणू समोरचा बाजूला होईलच. दोघी दारातच एकमेकींचे दंड धरून उभ्या राहिल्या. मग बोलायला लागल्या, आणि विजयाची हिंदी मधेच अडखळत होती. ती शब्दाशी थांबायची, डोळे मिटायची, हसायची. "भूल गई मैं." आपल्या घरात कुणी येऊन भांडं विसळावं तसं कुणीतरी तिचं ते बोलणं धुऊन टाकलं होतं.

जेवायला कुमुदनं पुरणपोळी केली होती, पण विजयासाठी भात वेगळा, मोठ्या पातेल्यात, तिला आवडायचा तसा. तिनं तिच्या पानात भाताची रास घातली. विजयानं पानाकडं पाहिलं, कुमुदकडं पाहिलं, आणि खाली मान घालून जेवायला लागली. शांताराम नरसिंहच्या गुडघ्यांची चौकशी करत होते. ती त्यांना नीट उत्तरं देत होती. मग कुमुद म्हणाली, "चल, वर चल."

वरच्या रिकाम्या हॉलमध्ये दोघींच्या चपलांचा आवाज घुमला. विजयानं खिडकीच्या कट्ट्यावर तळहात ठेवला, उचलून पाहिला. धूळ नव्हती. "साफ है," ती म्हणाली. "किसने किया?"

"मी."

कुमुद बोलत राहिली. मालक कसा सज्जन आहे, थंडीत ऊन इथं किती वेळ राहतं, टँकरचं पाणी आता पुरेसं येतं, स्वयंपाकघराचा पाइप थेट खाली जातो. शेवटचं सांगताना ती हसली. विजया हसली नाही. ती काचेतून बाहेर बघत म्हणाली, "चल, पहाड पे चलते हैं. अंदर गरम हो रहा है." फेब्रुवारी होता. आत गरम होत नव्हतं.

सोसायटीच्या कुंपणाला मागं एक फट होती, गावातल्या गुजर बायका म्हशींमागं तिथून येजा करायच्या. दोघी तिथून वर चढल्या. लालसर माती, धारदार दगड, बाभळींचे काटे पदराला ओढत होते. दूर खडी फोडणाऱ्या क्रशरची घरघर. वर एका सपाट कातळावर त्या बसल्या तेव्हा दोघींनाही धाप लागली होती. खाली सोसायटीच्या गच्च्या, त्यांच्या टाक्या, त्यापुढं रस्ता, ट्रक, नवी अर्धवट बांधकामं, आणि त्यांच्याही पुढं धुरकट पट्टा, तो दिल्लीचा. पळसाखाली फुलं पडली होती. विजयानं एक उचललं. "मोदुग," ती स्वतःशीच तेलुगूत म्हणाली. मग म्हणाली, "कुमूद, एक बात है."

"बोल ना."

"वो घर. ये नहीं छोडे. मैं छोडी."

कुमुदला आधी कळलं नाही. तिला वाटलं, विजयाचं क्रियापद चुकलं.

"मैं बोली, मत रखो. ये तो रोये थे. इनको यहीं आना था, शांतारामभाई के पास. मैं बोली, मैं नहीं जाऊँगी."

खाली कुणाच्या तरी गच्चीवर गादी झोडपत होते. काठी पडताना दिसायची आणि आवाज जरा मागून यायचा. कुमुद ते बघत राहिली. "का?" ती मराठीत म्हणाली.

विजयाला वेळ लागला. ती शब्द गोळा करत, मोडके जोडत बोलली, आणि जे तिला जुळवता येत नव्हतं ते कुमुद मनात जुळवत गेली, सवयीनं, जसं ती नेहमी करत आली होती. तुला मंडळ होतं, विजया म्हणाली. गणपती होता, दुकानदार होते, भांडायला बसचा कंडक्टर होता. मला तू होतीस. भाजीवाला काय म्हणतो ते तू सांगायचीस, डॉक्टर काय म्हणतो ते तू सांगायचीस, माझ्या मुलाच्या शाळेत तू यायचीस. मी दिल्लीत एवढी वर्षं राहिले, कुणाशी एकदाही भांडले नाही. "उधार की भाषा में झगडा नहीं होता, कुमूद." आता मी भांडते. माझी थोरली जाऊ आहे, सत्तरीची, सकाळपासून तोंड चालू असतं तिचं. मी तिच्याशी रोज भांडते. शब्द शोधावे लागत नाहीत. आपले आपण येतात, पाण्यासारखे.

"मी कधी तुला…" कुमुद म्हणाली.

"नहीं. तू अच्छी थी." विजयानं तिचा हात धरला. मग तिला हसू आलं, ते आवरेना. "पहिला दिवस, तू मला जेवायला बोलवली. भात वाढली. मैं बोली, चालु. तू और डाली. मैं बोली, चालु, चालु. तू और डाली!"

"मग? तुला भात आवडायचा. चालू दे म्हणालीस."

"हमारे में 'चालु' मतलब बस. पुरे." ती डोळे पुसत हसत होती. "पूरा खाया मैंने. रोते रोते खाया. बाद में बोलने को शरम आयी. फिर तू हमेशा उतना ही डाली."

कुमुदही हसली. हसताना तिच्या बरगड्या दुखल्या. बावीस वर्षांचा भात, दिवाळीचा, श्रावणातला, बाळंतपणातला, आणि आज दुपारचा. हे तू आज का सांगतेस, असं तिला विचारायचं होतं, पण विजयाचा हात अजून तिच्या हातावर होता, तोच, तिचा गुंता सोडवणारा, आणि तो काढून घेतला जाईल अशी भीती तिला वाटली. "मग केस धुतलेस ते?" तिनं विचारलं. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

"वो तो बिना भाषा का था," विजया म्हणाली. "वो सच्चा था."

संध्याकाळी टॅक्सी वळणावरून दिसेनाशी झाली तरी कुमुद गेटपाशी उभी होती. शांताराम मागं येऊन थांबले. घरी परतताना, लिफ्टपाशी, तिनं त्यांना सगळं सांगितलं. ते लिफ्टच्या बटणाकडं बघत ऐकत होते.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "नरसिंहनं तेव्हाच सांगितलं होतं मला."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"कसं बोलणार? तू रोज त्या टेकडीकडं बघून तिचं काहीतरी सांगायचीस. मला वाटायचं, तिची वाट बघतीय तोवर इथं मन रमवील. तिनंच नको म्हटलं हे कळलं असतं तर तू इथं एक दिवस राहिली नसतीस."

"कुठं गेले असते?"

लिफ्ट आली, तिचं दार उघडलं, आपोआप बंद झालं. तिला त्यांचा राग यायला हवा होता. पण त्यांच्या शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात गेलं होतं, आणि हा माणूस दोन वर्षं ही गोष्ट एकटा सांभाळत, टँकर आणि कुंपण बघत हिंडत होता, असं तिच्या मनात आलं. तिनं ते बटण सोडवून नीट लावलं. "जिन्यानं जाऊ," ती म्हणाली.

त्यानंतरचे काही दिवस तिनं स्वतःला तपासलं. विजयाबद्दलचं काही कमी झालंय का, आटलंय का. नव्हतं. उलट ते मोकाट झालं होतं. आधी तिला वाटायचं, तिकडं कुणीतरी आपल्यासारखीच झुरतीय, आणि त्यात एक सोबत होती. आता झुरणारी ती एकटी. पळस झडले. टेकडी करडी झाली. भाजी घेताना, केस विंचरताना ती एकाच गोष्टीशी येऊन थांबायची. विजयानं आपले इतके शब्द घेतले. आपण तिचे किती घेतले? पाणी, मीठ, ये, नाही. एवढेच. बावीस वर्षांत तिनं कधी विचारलंच नव्हतं की तुझ्याकडं याला काय म्हणतात.

एका सकाळी शांताराम गेटवर आणि स्वरूपा ऑफिसला गेलेली असताना तिनं राजमहेंद्रीचा नंबर लावला. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा कुणा म्हाताऱ्या बाईचा चिरका, जोरकस आवाज आला, थोरली जाऊच असणार. "एवरु?" कोण, असंच विचारत असावी.

"विजया," कुमुद म्हणाली. "विजयालक्ष्मी आहे का?… है क्या?"

पलीकडून भरभर काहीतरी आलं. त्यातला 'लेदु' तेवढा तिला कळला. नाही. घरात नाही. म्हातारी पुन्हा काहीतरी विचारत होती, एकच वाक्य, आवाज चढवून, बहिऱ्याशी बोलावं तसं. काय सांगायचं ते सगळं तिच्याकडं होतं आणि त्यातलं काहीच पलीकडं जाण्यासारखं नव्हतं. हिंदी नाही, मराठी नाही, इंग्रजीही नाही. फोन ठेवून द्यावा, असं वाटून तिनं हात खाली आणला, मग परत कानाशी नेला.

"कुमुद," ती म्हणाली. "मी कुमुद."

पलीकडचं वाक्य मधेच तुटलं. मग म्हातारी ओरडली, "कुमूदा!" आणि मागं वळून घरातल्या कुणाला तरी तेच ओरडून सांगितलं, आणि मग तिच्या तोंडाचा नळ सुटला. ती हसत होती, काहीतरी विचारत होती, स्वतःच उत्तर देत होती, मधेच रागवत होती. त्या धो धो वाहणाऱ्या बोलण्यात पुन्हा पुन्हा ते नाव येत होतं, कुमूदा, कुमूदा, आणि त्याच्या आजूबाजूला काय होतं, तिकडं विजयानं आपल्याबद्दल काय काय सांगून ठेवलं होतं, चांगलं की वाईट, की ज्यावर सगळे हसतात असं काही, त्यातलं कुमुदला एक अक्षर समजत नव्हतं.

बाहेर शांतारामांनी बेल वाजवली. ती उठली नाही. रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून, मान हलवत, समजत असल्यासारखी "हां… हां…" म्हणत ती ऐकत राहिली.